घाट आणि खारं पाणी: ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकचा कंट्रोलर निवडताना आणि वापरताना

‘गाडयेक ब्रेक असत, मगे ट्रेलराक आणि कित्याक?’ तारकर्ली-मालवणच्या बाजूला फायबरची होडी ट्रेलरवर चढवताना हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न अडाणीपणाचा नाही. सपाटीवर, तीस-चाळीसच्या वेगात, मागे रिकामा ट्रेलर असेल तर गाडीचे ब्रेक निभावून नेतातही. हिशोब बिघडतो तो घाटात. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. तिथून सावंतवाडीकडे उतरताना पाचशे मीटर खाली आलात असं धरा. तेवढ्या उतारात जिरवावी लागणारी ऊर्जा ताशी ६० किलोमीटरच्या वेगातून पस्तीस वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते. इंजिन, हवा आणि टायर त्यातला काही वाटा उचलतात, उरलेली सगळी ब्रेकच्या लायनरमध्ये उष्णता होऊन उतरते. दीड टनाचा ट्रेलर मागे असताना ही उष्णता एकट्या गाडीच्या चार चाकांवर टाकायची, की ट्रेलरच्या चाकांनाही कामाला लावायचं?

ऑस्ट्रेलियात ट्रेलरच्या चाकांवरचं वजन ७५० किलोच्या वर गेलं की ब्रेक सक्तीचे होतात. दोन टनांच्या वर सगळ्या चाकांना ब्रेक लागतात आणि ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लागण्याची सोयही लागते. युरोपातही बिनब्रेकच्या ट्रेलरची हद्द ७५० किलोच आहे. मी हा आकडा कोकणासाठी शेवटची मर्यादा मानतो. आंबा, कुंभार्ली, करूळ, फोंडा यांपैकी एखादा घाट तुमच्या नेहमीच्या वाटेवर असेल तर त्याच्या आतल्या वजनालाही ब्रेक लावून घ्यावेत.

कंट्रोलरच्या आधी ब्रेक ठरवा

लोक कंट्रोलरची चौकशी आधी करतात, कारण तो डॅशबोर्डवर दिसतो आणि त्याला आकडे, बटणं असतात. खरा निर्णय मात्र चाकाच्या आत आहे.

इलेक्ट्रिक ब्रेक म्हणजे साधा ड्रम ब्रेकच, फक्त शू (लायनर लावलेले, ड्रमला आतून घासणारे तुकडे) पसरवायचं काम तेलाऐवजी विद्युतचुंबक करतो. करंट आला की चुंबक फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट भागाला चिकटू पाहतो, ड्रमबरोबर थोडा ओढला जातो आणि त्याला जोडलेली लिव्हर शू बाहेर ढकलते. करंट जास्त तर चिकटणं जास्त, पकड जास्त. कंट्रोलरचं काम एवढंच, की तुम्ही ब्रेक दाबलात तर मागे किती करंट सोडायचा ते ठरवणं. या पद्धतीचा मोठा गुण असा, की ट्रेलरचा ब्रेक चालकाच्या हातात राहतो.

दुसरी पद्धत ओव्हररन ब्रेकची. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे ढकलतो, त्या ढकलण्याने हूकजवळचा दांडा आत सरकतो आणि ब्रेक लागतो. वायर नाही, कंट्रोलर नाही, स्वस्त आणि टिकाऊ. पण लांब उतारावर ट्रेलर सतत ढकलत राहतो आणि ब्रेक सतत घासत राहतो. तळाशी पोहोचेपर्यंत ड्रम तापून निघतात. त्यावर चालकाला काही करता येत नाही.

म्हणजे घाटासाठी इलेक्ट्रिक. इथवर सरळ आहे. आता खाऱ्या पाण्याचं बघू.

होडीचा ट्रेलर उतारावरून पाण्यात मागे नेला की चाकं बुडतात, ड्रममध्ये खारं पाणी आणि वाळू शिरते. ड्रमची रचनाच अशी की आत गेलेलं सहज बाहेर पडत नाही. चुंबकाची तार, त्याची जोडणी, शूचे स्प्रिंग, लिव्हरची खीळ हे सगळं गंजतं आणि एक दिवस लिव्हर जागीच अडकते. त्यावर कितीही भारी कंट्रोलर लावा, तो गंजलेल्या लिव्हरला करंट पाठवत बसेल. ट्रेलर खाऱ्या पाण्यात बुडवायचाच असेल तर साधे इलेक्ट्रिक ड्रम घेऊ नयेत, या मतावर मी ठाम आहे. होडी फक्त बंदरावरून दाभोळ, जयगड, देवगडच्या खाडीत उतरवायची आणि घाट चढायचा नाही, तर ओव्हररनवर चालणारे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक बरे. डिस्क उघडी असते, गोड्या पाण्याने धुता येते.

दोन्ही हवं असेल, म्हणजे आज मालवणच्या समुद्रात आणि पुढच्या महिन्यात घाटावरच्या धरणात, तर मधला मार्ग आहे: इलेक्ट्रिक ओव्हर हायड्रॉलिक. गाडीत नेहमीचा कंट्रोलर, ट्रेलरच्या पुढच्या भागात एक पंप. कंट्रोलरचा इशारा मिळाला की पंप तेलाचा दाब तयार करून डिस्क ब्रेक लावतो. महाग आहे, पण दोन्ही अडचणी एकदम सुटतात. यासाठी कंट्रोलर या पद्धतीला चालणारा आहे ना, हे विकत घेण्याआधी बघावं लागतं, कारण काही साधे कंट्रोलर पंपाबरोबर नीट बोलत नाहीत.

आंब्याच्या पेट्या, चिरे, जनरेटर, कॅम्परचं घर असलं सामान वाहणारा, पाण्यात न जाणारा ट्रेलर असेल तर इलेक्ट्रिक ड्रम निर्धास्त घ्या. पुढचा बराचसा लेख त्याच्यासाठी आहे.

टाइमरचा की प्रमाणात चालणारा

कंट्रोलरच्या दोन जाती आहेत. टाइमरवाला कंट्रोलर ब्रेकचा दिवा लागला की घड्याळ सुरू करतो आणि ठरवलेल्या वेळात, ठरवलेल्या कमाल मर्यादेपर्यंत करंट वाढवत नेतो. तुम्ही पाय हलका टेकवलात की घाबरून जोरात दाबलात, हे त्याला कळत नाही. दोन्ही वेळी तो तेच करतो.

प्रमाणात चालणाऱ्या कंट्रोलरच्या आत गती कमी होण्याचा वेग मोजणारा सेन्सर असतो. गाडी जितकी जोरात मंदावते तितका करंट तो मागे सोडतो. समोर अचानक गुरं आली आणि तुम्ही पाय दाबलात, तर ट्रेलरही त्याच जोराने थांबायला लागतो. हळूहळू थांबलात तर तोही हळू.

सपाट, सरळ हमरस्त्यावर टाइमरने काम भागतं. कोकणात नको. इथल्या रस्त्यावर दर काही मिनिटांनी हलका ब्रेक लागतो: वळण, गतिरोधक, एसटी, पुन्हा वळण. टाइमरवाला दर वेळी ट्रेलरला आचका देतो किंवा, सेटिंग मऊ ठेवलं तर, गरजेच्या वेळी मागे राहतो. किमतीतला फरक ट्रेलरच्या एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ आहे.

प्रमाणात चालणाऱ्यांतही जुने लोलकावर चालणारे आणि नवे इलेक्ट्रॉनिक सेन्सरचे असा फरक आहे. लोलकाला उतार आणि मंदावणं यांतला फरक नीट समजत नाही. गाडीचं नाक खाली झालं की लोलक पुढे जातो आणि गरजेपेक्षा जास्त ब्रेक लागतो, चढावर कमी लागतो. परशुराम किंवा आंबा घाटात हे जाणवल्याशिवाय राहत नाही. जुना वापरलेला कंट्रोलर कोणी स्वस्तात देत असेल तर आत काय आहे ते विचारा.

आपल्याकडे येणारे बहुतेक कंट्रोलर आयात केलेले असतात, अमेरिकी किंवा ऑस्ट्रेलियन. टेकोन्शाचा प्रॉडिजी पी-थ्री हा डॅशखाली बसवायचा डबा, त्याला आकडे दाखवणारा पडदा आहे आणि तो दोनपासून आठ ब्रेकपर्यंत चालतो. रेडआर्कचा टो-प्रो एलिट वेगळ्या धाटणीचा: मुख्य डबा आत कुठेतरी लपवायचा आणि डॅशवर फक्त एक छोटा नॉब. कुठल्याही कोनात बसवला तरी सुरुवातीच्या काही ब्रेकमध्ये तो प्रवासाची दिशा स्वतः ओळखतो. शिवाय त्यात एक वेगळा मोड आहे ज्यात सेन्सर बाजूला राहतो आणि नॉबवर ठरवलेला जोरच मिळतो. खराब कच्च्या रस्त्यावर हळू जाताना तो उपयोगी पडतो. रेडआर्क १२ आणि २४ व्होल्ट दोन्हीवर चालतो. पिकअप, एसयूव्ही १२ व्होल्टच्या असतात, मोठे ट्रक २४ चे. ट्रेलर पुढेमागे ट्रकला लावायचा विचार असेल तर ही गोष्ट पाहावी. कर्टचा एको नावाचा कंट्रोलर वायरिंग न करता मागच्या सॉकेटमध्ये खोचायचा आणि मोबाइलवरून चालवायचा. गाडी भाड्याची असेल तर ठीक. पण तो अमेरिकी सात-पिनी सॉकेटसाठी आहे, आणि अडचणीच्या वेळी मोबाइल शोधत बसणं मला पटत नाही.

हाताने ट्रेलरचा ब्रेक लावायची पट्टी किंवा बटण अंधारातही हाताला सापडेल असं हवं. दुकानात पडदा बघतात, ही पट्टी कोणी बघत नाही. प्रत्यक्षात घाटात तीच वापरली जाते.

करंट आणि तारेची जाडी

दहा आणि बारा इंची ड्रममधला एक चुंबक १२ व्होल्टवर जवळपास पावणेचार ते चार अँपिअर घेतो. एका अॅक्सलला दोन चुंबक, म्हणजे साडेसात ते आठ. दोन अॅक्सल असतील तर पंधरा-सोळा. सात इंची लहान ड्रमचा चुंबक तीन अँपिअरच्या आसपास घेतो. हे आकडे कागदावर लिहून कंट्रोलरच्या खोक्यात ठेवा, बिघाड शोधताना लागतात.

सोळा अँपिअर म्हणजे दिव्याची तार पुरत नाही. गाडीच्या पुढून ट्रेलरच्या चाकापर्यंत तार दहा मीटर सहज होते. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेतून पंधरा अँपिअर नेले तर जाताना सुमारे पावणेदोन व्होल्ट पडतात आणि परतीच्या तारेत तेवढेच. बॅटरीला बारा असले तरी चुंबकाला साडेआठ उरतात. चार चौरस मिलिमीटरची तार घेतली तर दोन्ही मिळून सव्वा व्होल्टच्या आसपास पडतो. ‘कंट्रोलर शेवटच्या आकड्यावर ठेवला तरी ट्रेलर थांबत नाही’ ही तक्रार बऱ्याचदा बारीक तारेची असते. तार कल्हई केलेल्या तांब्याची मिळाली तर तीच घ्या. किनाऱ्यावर साधं तांबं इन्शुलेशनच्या आतून काळं पडत जातं.

परतीची तार स्वतंत्र हवी. हूकच्या बॉलमधून अर्थिंग मिळतं यावर विसंबू नका. बॉलवर ग्रीस असतं, त्याखाली गंज असतो, आणि गाडी उसळली की स्पर्श सुटतो. दिवे लुकलुकले तर दिसतं तरी, ब्रेक लुकलुकलेला कळत नाही.

जोडणी

कंट्रोलरमधून चार तारा येतात. अमेरिकी रिवाजाने काळी बॅटरीच्या धन टोकाला, पांढरी ऋण टोकाला, लाल ब्रेकच्या दिव्याच्या स्विचला आणि निळी मागे ट्रेलरच्या चुंबकांना.

आधी बॅटरीचं ऋण टोक सोडा. कंट्रोलरची जागा ठरवताना चालकाचा हात सहज पोहोचेल, पण गुडघा आपटणार नाही आणि एअरबॅगच्या वाटेत येणार नाही अशी जागा पाहा. सेन्सर डब्याच्या आत असेल तर डबा गाडीच्या दिशेला समांतर आणि घट्ट बसवावा. हलणारा डबा खड्ड्यालाही ब्रेक समजतो. किती कोनापर्यंत चालतो ते त्याच्या माहितीपत्रकात असतं.

काळी तार बॅटरीजवळच्या सर्किट ब्रेकरमधून न्या: चार चुंबकांपर्यंत २० अँपिअर, सहाला ३० अँपिअर. ब्रेकर बॅटरीच्या जवळच हवा, नाहीतर मधली तार कुठे घासली तर तिला वाचवणारं काही नाही. पांढरी तार डॅशखालच्या एखाद्या नटाला न बांधता सरळ बॅटरीपर्यंत न्या. इंजिनच्या पत्र्यातून तार काढताना भोकाला रबरी ग्रोमेट लावा.

लाल तारेत घोळ होतो. पेडल दाबल्यावरच जिथे १२ व्होल्ट येतात त्याच टोकाला ती जायला हवी. स्विचला दोनपेक्षा जास्त तारा असतात आणि नव्या गाड्यांत त्यांपैकी काही संगणकाकडे जातात. अंदाजाने तार कापू नका. मल्टीमीटर लावून, कोणाला तरी पेडल दाबायला सांगून, तार ओळखा. स्विचजवळ खात्री होत नसेल तर मागच्या ब्रेकच्या दिव्याकडून इशारा घ्या.

आता निळ्या तारेबद्दल, कारण इथे सगळ्यात महागडी गडबड होऊ शकते. आपल्याकडे मिळणारा गोल सात-पिनी सॉकेट बहुधा युरोपी मांडणीचा असतो. त्यात सहा पिना दिव्यांना आणि एक परतीच्या तारेला दिलेली असते, ट्रेलरच्या ब्रेकसाठी एकही नाही. आणि त्यातली निळी तार मागच्या फॉग दिव्याची असते. वायरिंगवाल्याने ‘निळी ती निळीला’ म्हणून जोडली, की फॉग दिव्याचं बटण दाबताच ट्रेलर ब्रेक मारेल, किंवा ब्रेक दाबल्यावर फॉग दिवा पेटेल आणि चाकं मोकळी फिरतील. अमेरिकी, चपट्या पात्यांच्या सात-पिनी सॉकेटमध्ये ब्रेकची स्वतंत्र पिन असते. ऑस्ट्रेलियाच्या चपट्या सॉकेटमध्ये पाचवी पिन ब्रेकची. ट्रेलर इथेच बनवून घेत असाल तर गाडी आणि ट्रेलर दोन्हीकडे एकाच देशाची मांडणी ठेवा. मी अमेरिकी घेईन. जुना गोल सॉकेट ठेवायचाच असेल तर दिवे त्याच्यावर राहू द्या आणि ब्रेकची तार व परतीची तार वेगळ्या अँडरसन प्लगमधून, म्हणजे जास्त करंट सोसणाऱ्या जाड प्लगमधून, न्या. कुठल्या पिनेला काय, याचा हाताने काढलेला कागद सॉकेटच्या झाकणाच्या आत चिकटवा.

जोड दाबून करा, वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. वळवून टेप मारलेला जोड एका पावसाळ्यात हिरवा होतो. प्लगच्या पिनांना पेट्रोलियम जेली लावली तरी चालते.

ट्रेलर सुटला तर

ब्रेकअवे स्विच हा ऐच्छिक भाग समजू नका. ट्रेलरवर एक छोटी बॅटरी असते आणि एका खिळीला बांधलेली दोरी गाडीकडे जाते. हूक सुटला की खीळ उपटली जाते आणि बॅटरी ट्रेलरच्या ब्रेकला पूर्ण करंट देते. अमेरिकी नियमात हा ब्रेक किमान पंधरा मिनिटं धरून राहायला हवा असं आहे.

दोरी गाडीच्या चासीला बांधायची. बॉलच्या दांड्याला नाही आणि सुरक्षा-साखळीलाही नाही. बॉलचा दांडाच निघून आला तर दोरी ताणलीच जाणार नाही. तिची लांबी वळणात ताणली न जाण्याइतकी, पण साखळीपेक्षा कमी ठेवा.

तपासणी सोपी आहे. गाडीचा प्लग काढून ठेवा, नाहीतर ट्रेलरच्या बॅटरीचा करंट उलटा कंट्रोलरकडे जाऊ शकतो. ट्रेलरचं एक चाक जॅकवर घ्या, खीळ ओढा, चाक हाताने फिरवून बघा. फिरलं नाही तर ठीक. खीळ लगेच परत घाला.

जोर ठरवणं

कंट्रोलरवरचा मुख्य आकडा म्हणजे गेन: जास्तीत जास्त किती जोर मागे पाठवायचा. हा आकडा एकदा लावून विसरायचा नसतो.

त्याआधी ब्रेक नवे असतील तर लायनर ड्रमवर बसवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर साधारण साठच्या वेगातून हाताच्या पट्टीने फक्त ट्रेलरचा ब्रेक वापरून तीसपर्यंत यायचं, मध्ये ड्रम थंड होऊ द्यायचे, असं वीस-तीस वेळा. हे न करता गेन लावला तर पंधरा दिवसांनी तो चुकीचा ठरतो, कारण तोवर पकड वाढलेली असते.

मग खरं काम. ट्रेलरमध्ये नेहमीचं वजन भरा. कोरडा, सपाट, रिकामा डांबरी रस्ता शोधा. कोकणात सपाट रस्ता शोधणं हीच पहिली परीक्षा; सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या पठारावरचा, एखादा सरळ तुकडा सकाळी लवकर बघावा. थोडं चालवून, दोन-चार वेळा ब्रेक मारून ड्रम कोमट करा. गेन मध्यावर ठेवा. ताशी चाळीसच्या आसपास वेग धरा आणि पाय न लावता हाताची पट्टी पूर्ण दाबा. ट्रेलर गाडीला मागून स्पष्ट ओढतोय असं जाणवायला हवं. नसेल तर गेन एक पायरी वाढवा. ट्रेलरची चाकं जाम होऊन घासायला लागली, की एक-दोन पायऱ्या खाली या. चाक जाम होण्याच्या जरा अलीकडे, ही जागा. बाहेर उभं राहून चाकं बघणारा एक माणूस असला तर काम लवकर होतं. गाडीतून आवाज ऐकू येईलच असं नाही. भरलेला जड ट्रेलर पूर्ण गेनलाही जाम झाला नाही तर त्यात बिघाड असेलच असं नाही. पण ओढ कमजोर वाटत असेल तर तार आणि शूचं अंतर तपासा.

नंतर पेडलने थांबून बघा. ट्रेलर मागून ढकलतोय असं वाटलं तर जोर कमी. हूककडून आचका येतो, गाडी मागे खेचल्यासारखी होते, तर जास्त. काही कंट्रोलरवर ‘बूस्ट’ नावाची वेगळी पायरी असते. तिने ब्रेकच्या सुरुवातीलाच जास्त जोर मिळतो. ट्रेलर गाडीपेक्षा जड असेल तर ती चढवा, हलका असेल तर बंदच ठेवा.

वजन बदललं की गेन बदलतो. देवगडहून पेट्या भरून जाताना सात असेल तर रिकामा परतताना तोच सात चाकं जाम करील आणि टायरवर चपटे डाग पडतील. पावसात आणखी खाली. पहिल्या सरींत रस्त्यावरची लाल माती आणि तेल मिळून जो थर होतो त्यावर ट्रेलरचं जाम झालेलं चाक बाजूला सरकायला वेळ लागत नाही. ट्रेलर हूकला लावतानाच गेन बघायची सवय लावा, साखळी लावण्याइतकीच.

घाटात, फेरीवर आणि ट्रेलर डोलायला लागल्यावर

उतार सुरू होण्याआधी गिअर खाली घ्या. कंट्रोलर कितीही चांगला असला तरी पस्तीस वेळा थांबण्याइतकी उष्णता ड्रमला परवडत नाही. इंजिनने धरायचं आणि ब्रेक मधूनमधून. ब्रेक मारायचा तेव्हा नीट दाबून वेग खाली आणा, मग पूर्ण सोडा, ड्रमला हवा लागू द्या. हाताची पट्टी अर्धवट दाबून सगळा घाट उतरणं ही सगळ्यात वाईट सवय. ड्रम तापला की फुगतो, शूपासून दूर जातो, आणि तुम्ही जितकी पट्टी दाबाल तितकी पकड कमी होते. मध्ये जागा मिळाली की थांबा, ड्रमजवळ हात नेऊन बघा, टेकवू नका. दोन्ही बाजूंच्या उष्णतेत फार फरक असेल तर थंड बाजूचा ब्रेक काम करत नाही.

उतारावर कमी गिअरमध्ये ट्रेलर डोलायला लागला तर गाडीचा ब्रेक जोरात दाबायचा नाही. अॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि हाताची पट्टी हलकेच दाबायची. मागून ओढ बसली की ट्रेलर दोरीसारखा ताणला जातो आणि सरळ होतो. हे रिकाम्या रस्त्यावर आधी हाताला शिकवून ठेवा. आणि मुळात डोलण्याचं कारण बहुधा वजन मागे भरलेलं असणं हे असतं. सामान पुढे सरकवा, हूकवर एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी यायला हवा. होडीच्या ट्रेलरला इंजिन मागे असल्याने एवढं जमत नाही, तिथे थोडं कमी चालतं, पण मागे जड कधीच नको.

दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी अशा फेरीबोटीवर चढताना वेगळीच गोष्ट होते. गाडी इतकी हळू असते की सेन्सरला मंदावणं जवळजवळ जाणवतच नाही, आणि रॅम्पच्या उतारावर ट्रेलर गाडीवर येतो. तिथे सेन्सरवर अवलंबून न राहता हाताची पट्टी वापरा. बोटीवर उभं राहिल्यावर मात्र ही पट्टी पार्किंग ब्रेक नाही हे ध्यानात असू द्या: ती सोडली की ब्रेक सुटला. चाकाखाली ठोकळा किंवा दगड.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे. त्याची नोंदणी लागते, ट्रेलरवर त्याचा स्वतःचा क्रमांक लागतो आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही ट्रेलरवर दिसायला हवा. घरच्या गॅरेजात बनवलेला ट्रेलर रस्त्यावर काढण्याआधी पेण (एमएच-०६), रत्नागिरी (एमएच-०८) किंवा सिंधुदुर्ग (एमएच-०७) यांपैकी आपल्या परिवहन कार्यालयात जाऊन गाडी आणि ट्रेलर दोन्हीचं काय लागेल ते विचारून घ्या, आणि विमा कंपनीला लेखी कळवा. गाडी किती वजन ओढू शकते हे तिच्या माहितीपुस्तिकेत नसेल तर कंपनीकडून लेखी घ्या. दुकानदाराच्या ‘आरामात ओढते’वर जाऊ नका.

देखभाल आणि बिघाड

नव्या ब्रेकचं अंतर पहिल्या तीनशे किलोमीटरनंतर आणि पुढे साधारण दर पाच हजारांनी लावून घ्यावं. चाक जॅकवर घ्या, मागच्या पत्र्यातल्या फटीतून दातेरी चाक फिरवत चाक हाताने फिरवणं अवघड होईपर्यंत शू बाहेर आणा, मग चाक मोकळं फिरेल आणि फक्त हलकं घासेल इतकं मागे घ्या. बऱ्याच गॅरेजांत या ब्रेकची ओळख नसते, पण ड्रम ब्रेक जाणणारा कुठलाही मिस्त्री हे करील. चुंबक ओढून काढू नको एवढं आधी सांगा.

कंट्रोलर ट्रेलर ओळखत नसेल तर आधी प्लगच्या पिना साफ करा, मग परतीची तार बघा. ओळखतो पण ट्रेलर थांबत नाही, तर निळ्या तारेत अँपिअरमीटर लावून हाताची पट्टी पूर्ण दाबा. चार चुंबकांच्या ट्रेलरला पंधरा-सोळा अँपिअर यायला हवेत. बारा आले तर एक चुंबक तुटलेला, आठ आले तर बहुधा एका अॅक्सलची तार. सोळाच्या बरेच वर गेले तर कुठेतरी तार चासीला टेकते आहे. सगळं बरोबर असून पकड नाही, तर बिघाड विजेचा नाही. लायनरवर बेअरिंगचं ग्रीस आलं असेल किंवा शूचं अंतर वाढलं असेल. एकट्या चुंबकाचा संशय असेल तर तो काढून त्याचा धातूचा भाग बॅटरीच्या ऋण टोकावर टेकवा आणि त्याची एक तार अँपिअरमीटरमधून धन टोकाला लावा. काटा हलला तर आतलं इन्शुलेशन गेलं, चुंबक बदला. अॅक्सलच्या दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, नाहीतर ट्रेलर एका बाजूला ओढतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा होडीचे ट्रेलरही वाडीत उभे राहतात. त्याआधी चाकं गोड्या पाण्याने धुऊन, ड्रम उघडून, वाळवून ठेवा. पार्किंग ब्रेक ओढून ठेवू नका, दमट हवेत लायनर ड्रमला चिकटतं, ठोकळे लावा. ब्रेकअवेची बॅटरी काढून घरात ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. नारळी पौर्णिमेच्या आधी ड्रम पुन्हा उघडा. चुंबकाच्या घासणाऱ्या तोंडावर आतल्या तारा दिसायला लागल्या असतील तर तो संपला. लिव्हर हाताने हलवून बघा, अडखळत असेल तर खीळ साफ करा. मग प्लग काढून ब्रेकअवेची खीळ ओढा, आणि चाक फिरत नाही हे बघितल्यावरच होडी चढवा.